काचेखालचा तरवा

लीड्स, मार्चअखेर

देवगडात या दिवसांत हापूसच्या पेट्या वाशीच्या वाटेला लागलेल्या असतात, विहिरींचं पाणी खाली जायला लागतं आणि मळ्यातला लाल माठ, मुळा, वांगी यांचा हंगाम आटोपत येतो. इंग्लंडात भाजीचा हंगाम उघडतो तो नेमका आत्ता. शनिवारी सकाळी बियाण्यांच्या दुकानात जावं तर रांग लागलेली. रांगेतला माणूस ओळख नसतानाही विचारतो, "बटाटे लावले का?" एरवी बसमध्ये शेजारी बसून तासभर अवाक्षर न काढणारी ही जमात मार्चमध्ये भाजीपायी बोलकी होते.

आपल्याकडे थंडी हवीशी. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गारठल्या तर कलमं मोहोरतात, नाही गारठल्या तर बागायतदाराची झोप उडते. इथे सगळं गणित थंडी जाणार कधी याचं. मार्चच्या दुपारी ऊन पडतं, लोक कोट काढतात, आणि त्याच रात्री दव गोठून वाफ्यावर पांढरा थर धरतो. यॉर्कशरच्या या भागात असं गोठणं मे महिना निम्मा सरेपर्यंत, कधी त्याहीनंतर होतं. टोमॅटो, मिरची, दुधी, काकडी यांना अशी एक रात्र पुरते. सकाळी पानं उकडल्यासारखी काळी पडून लोंबताना दिसतात. म्हणून इथला जाणता माणूस खतापेक्षा तारखांवर जास्त बोलतो. जुने शेतकरी म्हणे जमीन तापली का हे पाहायला विजार उतरवून उघड्या बुडाने वाफ्यावर बसत. बसवलं तर बी पेरायचं. खरंखोटं देव जाणे, पण ही गजाल इथे प्रत्येकाला ठाऊक आहे. हल्ली मातीत खुपसायचा थर्मामीटर मिळतो.

थंडीइतकाच प्रश्न उजेडाचा. देवगड सोळा अंशांवर, लीड्स जवळजवळ चौपन्न. आपला सगळ्यांत लहान दिवसही अकरा तासांचा असतो. इथला डिसेंबरातला दिवस साडेसात तासांत संपतो आणि जूनमधला सतरा तास चालतो. मार्चमध्ये दोन्हीकडे बारा-बारा. शेवटच्या रविवारी सरकार घड्याळं तासभर पुढे ढकलतं, तेव्हापासून ऑफिस सुटल्यावरही कुदळ मारता येते. जानेवारीत पेरलेलं रोप उजेडाच्या शोधात सुतासारखं लांब आणि फिकं होतं, मग आडवं पडतं. नवशिका घाई करतो ती इथेच.

या दोन अडचणींवरचा तोडगा म्हणजे काचघर. फोटोत ते श्रीमंती थाट वाटतं. प्रत्यक्षात घरामागचं काचघर बहुधा सहा फूट बाय आठ फूट, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचं, आत एक फळी आणि पाणी घालायची झारी. त्याचं काम आपल्या तरव्याचं. पाऊस लागण्याच्या सुमारास आपण एका तुकड्यात दाट भात पेरून रोप तयार करतो आणि जमीन चिखलून झाली की लावणी करतो. तसंच इथे मार्चमध्ये काचेखाली रोप वाढवायचं आणि मेअखेर उघड्यावर लावायचं. फरक इतकाच, की आपण पावसाची वाट बघतो आणि हे पावसाला कंटाळलेले असतात. काच त्यांना पाच-सहा आठवडे मिळवून देते. तेवढे नसतील तर टोमॅटो लाल होण्याआधी ऑक्टोबर येतो.

काचघर तापवलेलं नसेल तर रात्री आतही बाहेरइतकंच गार होतं, हे मात्र मला इथे येऊन कळलं. म्हणून मिरचीचं बी आधी घरात, खिडकीत, विजेवर तापणाऱ्या, झाकण असलेल्या ट्रेमध्ये रुजवतात. तिला वीस-पंचवीस अंश लागतात. नंतर कुंड्या काचघरात जातात आणि रात्री वर पांढरी झिरझिरीत कापडी चादर पसरतात. दिवसा उलटी तऱ्हा. मार्चमध्येही दोन तास कडक ऊन पडलं तर आतला पारा तिशीकडे जातो आणि कोंदट हवेत कोवळी रोपं बुडाशी कुजून माना टाकतात. त्यावरची युक्ती बघण्यासारखी आहे. छपराच्या झडपेला एक छोटं नळकांडं जोडलेलं असतं, आत मेण. ऊन चढलं की मेण फुगतं, दांडा पुढे सरकतो, झडप उघडते. गार झालं की मेण आकसून ती मिटते. वीज नाही, माणूस नाही. मालक निवांत कामावर जातो.

काच पूर्वी इथेही गरिबाची नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इंग्लंडात काचेवर सरकारी कर होता, त्यामुळे काचघरं उमरावांच्या वाड्यांतच. 1845 साली तो कर उठला. पुढे सहाच वर्षांनी, 1851 मध्ये, लंडनच्या हाइड पार्कात लोखंड आणि काचेचा प्रचंड क्रिस्टल पॅलेस उभा राहिला. तो आखणारा जोसेफ पॅक्स्टन मुळात माळी, डेव्हनशरच्या ड्यूकच्या चॅट्सवर्थमधल्या बागेचा प्रमुख. उष्ण प्रदेशातल्या झाडांसाठी काचघरं बांधता बांधता त्याचा हात बसलेला. पुढे काच स्वस्त होत होत मजुराच्या परसापर्यंत पोचली.

पण ज्याला परसच नाही त्याचं काय? मला या देशाचं सगळ्यांत कौतुक वाटतं ते इथे. 1908 च्या कायद्याने लोकांना भाजीपाल्यासाठी जमीन भाड्याने द्यायची जबाबदारी गावाच्या-शहराच्या कौन्सिलवर टाकली आहे. सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी लेखी मागणी केली तर ती विचारात घ्यावीच लागते. अशा तुकड्याला अलॉटमेंट म्हणतात. जुन्या मापाने दहा रॉड, म्हणजे आपले अडीच गुंठे. पिकवायचं ते मुख्यतः घरच्या खाण्यासाठी. त्यावर धंदा करायला मनाई. दुसऱ्या महायुद्धात सरकारने ‘विजयासाठी खणा’ अशी हाक दिली तेव्हा अशा तुकड्यांची संख्या सुमारे चौदा लाखांवर गेली होती. आज तीन लाखांच्या आसपास उरले आहेत आणि काही शहरांत प्रतीक्षायादी वर्षानुवर्षं हलत नाही. आपल्याकडे दोन गुंठे मोकळे दिसले की त्यावर इमारतीचा नकाशा येतो, तेव्हा शहराच्या मधोमध कोबी लावलेले हे तुकडे बघून पहिल्यांदा चक्रावायला होतं.

अलॉटमेंटवर बँकेतला साहेब आणि बसचा ड्रायव्हर कुंपणाला कुंपण लावून खणत असतात. मार्चमध्ये दोघांकडेही अंड्यांचे रिकामे पुठ्ठे, त्यात एकेक बटाटा डोळे वर करून ठेवलेला, कोंब फुटावेत म्हणून. गुड फ्रायडेला बटाटे लावायची जुनी रीत आहे. सुटीचा दिवस मजुराला तेव्हाच मिळायचा, हे कारण मला पटतं.

आता आपल्या भाज्यांचं. मेथीला इथलं हवामान मानवतं. मार्चअखेर काचेखाली पेरली तर छान पालवते. कोथिंबीर थोडे दिवस साथ देते, मग दिवस लांबला की पान सोडून थेट फुलावर जाते. वालाचं दुखणं उलटं. आपल्या गावठी वालाला फुलायला आखूड दिवस लागतो. इथे वेल उन्हाळाभर हिरवागार माजतो, सप्टेंबरच्या शेवटी कुठे कळी धरतो आणि शेंग भरण्याआधी थंडी त्याला उरकते. लाल माठ जूनशिवाय बाहेर पेरू नये. अळवाचा कांदा कुंडीत, आणि कुंडी हिवाळ्यात घरात. पूर्व लंडनमधल्या बांगलादेशी कुटुंबांनी मात्र दुध्याला वश केलं आहे. बी काचेखाली रुजवायचं, जूनमध्ये मांडवावर चढवायचं. तो मांडव पाहिला की परड्यात उभे आहोत असं वाटतं.

सगळे उजेडामागे धावत असताना आमच्या शेजारी एक पीक अंधारात काढलं जातं. वेकफील्ड, मॉर्ली आणि रॉथवेल या गावांच्या त्रिकोणात रूबार्ब होतं, आंबट लाल देठांची भाजी, खातात मात्र साखर घालून गोडाच्या पदार्थांत. मुळं दोन वर्षं शेतात वाढू देतात, थंडी चांगली खाऊ देतात आणि मग उपटून काळोख्या, उबदार शेडमध्ये आणून ठेवतात. उजेड नसल्यामुळे झाड पानं करत बसत नाही. मुळात साठवलेल्या शिदोरीवर देठ लांबवत सुटतं. कोंब उलगडताना बारीक टकटक आवाज होतो. तोडणी मेणबत्तीच्या उजेडात, कारण दिवा लावला तर देठाचा कोवळेपणा जातो. जुन्या काळी शेताला खत म्हणून इथल्या गिरण्यांतला लोकरीचा कचरा घालत. आपल्याकडे माडाच्या मुळाशी मासळी, यांच्याकडे लोकर. ज्याच्या गावात जे वाया जातं ते त्याचं खत. 2010 पासून या रूबार्बला युरोपचं भौगोलिक नावाचं संरक्षण आहे, आपल्या हापूसला 2018 मध्ये भारतात मिळालं तसंच. जानेवारीपासून मार्चपर्यंत ते बाजारात असतं, म्हणजे इथल्या माणसाला वर्षाची पहिली ताजी चव अंधारातून मिळते.

शेवटी एक कामाची गोष्ट. उन्हाळ्यात इकडे येणाऱ्यांच्या सामानात मायेने बियांची पुरचुंडी बांधली जाते. बांधू नका. मिरची, टोमॅटो, वांगी यांचं बी बाहेरून आणायचं तर वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आणि ते नसेल तर विमानतळावर पुरचुंडी कचऱ्यात जाते. काहीच न देणं जिवावर येत असेल तर कुळथाची पिठी द्या. रुजत नाही, पण मार्चच्या गारठ्यात पिठल्याला तिची सर दुसऱ्या कशाला नाही.