रोज रात्री येणारा हिवाळा

समशीतोष्ण प्रदेशातील उंच पर्वतांवर वृक्षरेषा, म्हणजे ज्या उंचीपलीकडे झाडे वाढत नाहीत ती मर्यादा, ओलांडली की वनस्पती खुरट्या होऊन जमिनीला बिलगतात आणि हिवाळ्याचे महिने बर्फाखाली सुप्तावस्थेत काढतात. विषुववृत्तालगतच्या माउंट केनिया, किलिमांजारो आणि रुवेन्झोरी या पर्वतांवर मात्र साडेतीन हजार मीटरांच्या वर सूर्यफुलाच्या कुळातील डेंड्रोसेनेसिओ पाच-सहा मीटर उंच वाढतो, तर लोबेलियाचे पुष्पदांडे माणसाच्या डोक्याच्याही वर जातात.

वर्षभर तापमान फारसे न बदलता दिवसा कडक ऊन आणि रात्री गोठणबिंदूखालची थंडी, असे येथील हवामान असून स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ ओलोव्ह हेडबर्ग यांनी त्याचा सविस्तर अभ्यास केला. हिवाळा रोजच येत असल्याने दीर्घ सुप्तावस्थेचा उपाय येथे निरुपयोगी ठरतो आणि वाढता कोंब प्रत्येक रात्री वाचवावा लागतो. डेंड्रोसेनेसिओची मोठी पाने सायंकाळी मिटून शेंड्यावरील कोंब झाकतात. वाळलेली पाने गळून न पडता खोडाभोवती गोधडीसारखी राहतात, त्यामुळे आतील पाणी गोठत नाही. हे पाणी खोडाच्या मध्यभागी असलेल्या मऊ भेंडात साठलेले असते, आणि त्याचे महत्त्व सकाळी कळते, कारण पानांवर ऊन पडून बाष्पोत्सर्जन सुरू होते तेव्हा गारठलेल्या मातीतून मुळांना पुरेसे पाणी ओढता येत नाही. जाड, उंच खोड हा येथे डामडौल नसून पाण्याचा साठा आहे.

लोबेलिया केनिएन्सिसची युक्ती याहून विलक्षण आहे: तिच्या पर्णगुच्छात पाणी साचलेले असते, रात्री त्याचा वरचा थर गोठतो, परंतु खालचे पाणी द्रवरूप राहून कोंबाला गोठू देत नाही. ही जात ओलसर दऱ्यांमध्ये वाढते आणि आयुष्यात अनेकदा फुलते. 1887 मध्ये माउंट केनियावर चढाई करणारे हंगेरियन सरदार तेलेकी यांचे नाव लाभलेली लोबेलिया तेलेकी मात्र कोरड्या, खडकाळ उतारांवर राहते, एकदाच फुलते आणि मरते. कोरड्या जागी एका बहरानंतर दुसऱ्या बहराइतकी शिदोरी जमण्यास फार काळ लागतो आणि तोवर जगण्याची शाश्वती नसते, म्हणून सारा साठा एकाच प्रचंड पुष्पदांड्यात ओतून बियांची संख्या वाढवणे तिला परवडते.