एकवीस इंची चाक आणि रेगड माती

पाच वर्षांपूर्वीच्या जुलैत बुटीबोरीजवळच्या टाकळघाटच्या अलीकडे एका पांदणीत माझी मोटारसायकल उभी राहिली. इंजिन सुरू होतं, गिअर पडलेला होता, क्लच सोडला की मागचं चाक जागच्या जागी गरगरत होतं. पुढचं चाक मात्र हलायला तयार नव्हतं. उतरून पाहिलं, तर टायर आणि मडगार्ड यांच्यामधली बोटभर फट काळ्या मातीनं ठासून भरली होती. कुंपणातली तुराटी उपसून माती कोरली, गाडी दहा पावलं ढकलली, पुन्हा तेच. शेवटी शेतातून एक काका आले. त्यांनी गाडीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, हे गाडी डांबरावरची हाय. इकडं काहून आणली?" दोघांनी मिळून ती रस्त्यापर्यंत ओढत आणली, तेव्हा संध्याकाळ झाली होती.

त्या दिवशी मला मातीवर चालणाऱ्या मोटारसायकलीच्या उंच मडगार्डाचा अर्थ कळला. तोवर ती सजावट वाटायची, चोचीसारखं काहीतरी. ते चाकापासून वीतभर वर बसवतात ते माती पडून जायला जागा राहावी म्हणून. आमच्या भागात तर ही जागा सगळ्यात मोलाची. दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन ही रेगड तयार झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. पाणी प्यायली की ती फुगते, वाळली की आकसते. म्हणून मे महिन्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जुलैत तीच माती चपलेला किलोकिलोनं चिकटते. कपाशीला ओल धरून ठेवणारा हा गुण चाकाला मात्र नडतो.

मी नागपूरहून बुटीबोरीला अपडाऊन करतो. रोजचे जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. विमानतळ, चिंचभुवन, खापरी, जामठ्याचं क्रिकेटचं मैदान, डोंगरगाव आणि मग एमआयडीसीचा फाटा. श्रीनगरहून कन्याकुमारीला निघालेला राष्ट्रीय महामार्ग 44 हा आमचा ऑफिसचा रस्ता. बुटीबोरीतूनच वर्धा, यवतमाळ, नांदेडमार्गे तुळजापूरला जाणारा 361 क्रमांकाचा रस्ता फुटतो. त्यामुळे इथे जेवढे ट्रक, ट्रेलर आणि कंटेनर एका नजरेत दिसतात तेवढे विदर्भात फार थोड्या ठिकाणी दिसत असतील. आणि या सगळ्या गर्दीपासून दोन किलोमीटर आत वळलं, की कपाशी, तूर, संत्र्याच्या बागा, वेणा नदी, रपटे आणि बैलबंडीच्या पांदणी. आठवड्याचे सहा दिवस डांबर आणि सातव्या दिवशी माती, दोन्हीकडे चालेल अशी एकच गाडी परवडणार होती. तिच्या शोधात मी वजनाच्या आकड्यापाशी येऊन थांबलो.

आपल्याकडे अशा गाडीचा पहिला मोठा प्रयत्न हिरोनं 2011 मध्ये इम्पल्सच्या रूपानं केला. दीडशे सीसीची, 134 किलोंची, उंच आणि सडपातळ. काळाच्या थोडी आधीच आली. गिऱ्हाइकाला त्याच पैशांत जास्त वेग हवा होता, आणि काही वर्षांत ती बंद झाली. 2016 मध्ये रॉयल एन्फिल्डची 411 सीसीची हिमालयन आली आणि लोकांच्या डोळ्यांना उंच गाडीची सवय झाली. पण तिचं वजन 190 किलोंच्या वर. लेह-लडाखच्या सामानासकट प्रवासाला ते शोभतं, पांदणीत एकट्या माणसाला पेलत नाही. मग मे 2019 मध्ये हिरोचीच एक्सपल्स 200 आली. पुढे 21 इंची आणि मागे 18 इंची तारांचं चाक, जमिनीपासून 220 मिलिमीटर उंची, पुढच्या शॉकअपचा प्रवास 190 आणि मागच्याचा 170 मिलिमीटर, वजन 154 किलो. ऑक्टोबर 2021 मध्ये तिला चार व्हॉल्व्हचं इंजिन मिळालं, ताकद 19 पीएसवर गेली आणि वजन 158 किलो झालं. 2025 च्या जानेवारीत 210 सीसीची, पाण्यानं थंड होणारी थोरली बहीण आली. ताकद साडेचोवीस पीएस, वजन 168 किलो. या आकड्यांत मला दर वेळी वाढत गेलेले किलो आधी दिसतात. माझ्याकडे जुनी, चार व्हॉल्व्हची आहे.

पुढचं चाक 21 इंचांचं का, हे पांदणीत गेल्याशिवाय मनावर ठसत नाही. चाक जितकं मोठं, तितकं ते खड्ड्याच्या काठाला किंवा गोट्याला कमी चढणीनं भिडतं. सतरा इंची चाक जिथे आदळतं तिथे एकवीस इंची चाक चढून जातं. तारांचं चाक दणका बसला की थोडं लवचतं, वाकलं तरी गावातला कारागीर तारा ओढून सरळ करतो. ओतीव अलॉयचं चाक तडकलं की गाडी टेम्पोतून घरी येते. त्या बदल्यात टायरमध्ये ट्यूब आली, आणि ट्यूब म्हटलं की बाभळीचा काटा आला. पांदणीच्या दोन्ही बाजूंना बाभूळ असतेच. म्हणून सीटखाली दोन टायर लिव्हर, पॅच, छोटा पंप आणि एकच एकवीस इंची ट्यूब. ही ट्यूब अडीअडचणीला मागच्या अठरा इंची टायरमध्येही घालता येते. थोडी दुमडते, पण घरापर्यंत आणते.

गाडी घेतली की पहिल्याच आठवड्यात सामान जोडायची घाई होते. मीही केली. क्रॅशगार्ड, मागे लोखंडी कॅरियर, त्यावर डबा, दोन जादा दिवे, इंजिनाखाली जड बॅश प्लेट. एका रविवारी वेणेच्या काठी मुरमाच्या चढावर गाडी आडवी झाली आणि मला एकट्याला उचलता येईना, तेव्हा हिशेब केला: मी विकत घेतलेली हलकी गाडी मीच बारा-तेरा किलोंनी जड केली होती. घरी येऊन निम्मं सामान काढून टाकलं. तेव्हापासून प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारतो: ही नसती तर मी अडलो असतो का?

या प्रश्नाला टिकलेल्या गोष्टी थोड्या आहेत. हँडगार्ड टिकले, कारण गाडी पडली की आधी क्लचचा किंवा ब्रेकचा लिव्हर तुटतो, आणि बाभळीच्या फांद्या बोटं सोलून काढतात. इंजिनाखालची प्लेट टिकली, पण अॅल्युमिनियमची. हँडल थोडं वर घेणारे रायझर टिकले, कारण उभं राहून चालवताना पाठ वाकत नाही. उभं राहणं ही मातीवर चालवण्याची निम्मी विद्या आहे: वजन सीटवरून फूटरेस्टवर येतं, गाडी खाली मोकळी हलते, आणि गुडघे शॉकअपचं काम करतात. डब्याऐवजी आता मऊ पिशवी, आणि तीही शक्य तितकी पुढे, सीटला लागून. मागच्या चाकाच्या आसाच्या मागे टांगलेलं वजन पुढचं चाक हलकं करतं, आणि ट्रकच्या झोतात गाडी डुलते.

हा झोत म्हणजे हलक्या गाडीची किंमत. जामठ्याच्या पुढे मोकळ्या पट्ट्यात शेजारून कंटेनर गेला की आधी गाडी बाहेर ढकलली जाते, मग त्याच्या मागच्या पोकळीत ओढली जाते. हँडल घट्ट धरलं तर हेलकावा वाढतो. कोपर सैल, गुडघ्यांनी टाकी दाबलेली आणि वेग सत्तर-ऐंशीच्या आत, एवढं केलं की ती आपली आपण सावरते. दोनशे सीसीचं इंजिन त्याहून वेगात जातं, पण ते रोज तसं पळवायचं नसतं. समृद्धी महामार्गाचं टोक शिवमडक्याला, आमच्यापासून फार लांब नाही. तिथे दुचाकीला बंदी आहे, आणि त्या वेगांच्या मधे या गाडीचं काही काम नाही, असं मला मनापासून वाटतं.

टायरचा विषय बुटीबोरीत निघाला की प्रत्येकाला मत असतं. याच एमआयडीसीत सिएटचा दुचाकी टायरचा कारखाना आहे, त्यामुळे चहाच्या टपरीवर रबराच्या मिश्रणावरची चर्चासुद्धा ऐकायला मिळते. मोठ्या गट्टूंचा टायर दिसायला रांगडा, पण माझं गणित साधं आहे. आठवड्याला डांबरावर 360 किलोमीटर, मातीवर चाळीस-पन्नास. गट्टूचा टायर डांबरावर भराभर झिजतो, घोंघावतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लागायला जास्त अंतर घेतो. मुरमावर आणि गोट्यांवर तो नक्कीच उजवा आहे. रेगडीच्या चिखलात मात्र त्याचे गट्टू पहिल्या पन्नास फुटांत भरून जातात, आणि तोही गुळगुळीत टायरसारखाच घसरतो. म्हणून मी मधला टायर वापरतो आणि हवेशी खेळतो. मातीवर उतरताना दोन्ही चाकांतली हवा वीस पीएसआयच्या आसपास आणतो. टायर पसरतो, पकड वाढते. त्याहून खाली गेलं तर टायर रिंगवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटला जातो. हायवेवर चढण्याआधी पंप मारून हवा पुन्हा पूर्ववत. पंधरा मिनिटं जातात, पण कमी हवेच्या टायरनं पंचेचाळीस अंशांच्या उन्हात हायवे गाठणं म्हणजे टायर आतून भाजणं.

आमच्या मेकॅनिक भाऊंचा सल्ला मला सगळ्यात उपयोगी पडला. मी सायलेन्सर बदलायचं विचारलं, तर ते म्हणाले, "पयले एअर फिल्टर पाहा, मंग बाकीचं बोलू." फिल्टर उघडला, तर मुरमाच्या धुळीनं तो विटकरी झाला होता. धूळ झटकली आणि गाडीची गेलेली ताकद फुकटात परत आली. मग चेन स्वच्छ करून तेल, पुढच्या शॉकअपच्या सीलवरची वाळलेली माती रोज ओल्या फडक्यानं पुसणं, तारांचा ताण पाहणं. मॉडिफिकेशनच्या नावाखाली मी खर्चिक म्हणावा असा एकच बदल केला: पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी. पुढे तेरा दात असतील तर बारा केल्यानं गिअरिंग सुमारे 8 टक्के खाली येतं. चढावर पहिला गिअर चालत्या माणसाच्या वेगानं रेटतो. हायवेवर त्याच वेगाला इंजिन थोडं जास्त फिरतं. फक्त अपडाऊनच करायचं असेल, तर हा बदल करू नये.

सायलेन्सर मी बदलला नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आणली. पण कायदा नसता तरी मी तो बदलला नसता. पांदण ही शेतकऱ्याची वाट आहे. समोरून बंडी आली की आवाजानं बैल बिचकतात. आपण बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं, बंडी गेली की मग सुरू करायचं.

बंडीवरून चाकोरी आठवली. चाकोरी म्हणजे मुळात बैलबंडीच्या चाकानं पडलेली घळ. आपण 'चाकोरीबाहेर' जायचं कौतुक करतो, पण वाळलेल्या रेगडीतली चाकोरी विटेसारखी कडक होते, आणि तिच्यात पुढचं चाक उतरलं की बाहेर पडायची धडपड करणारा हमखास पडतो. नजर लांब ठेवायची, हँडल सैल सोडायचं आणि चाकोरी नेईल तसं जायचं. जिथे तिची भिंत ढासळलेली असेल तिथून अलगद वर यायचं.

पडलोच तर उचलायची रीत आहे, आणि ती घराच्या अंगणात आधी करून पाहावी. इंजिन बंद, गिअर टाकलेला. हँडल पूर्ण एका बाजूला वळवून, गाडीकडे पाठ करून बसायचं, एक हात हँडलला, दुसरा मागच्या पकडीला, आणि पाठ सरळ ठेवून मांड्यांच्या जोरावर उठायचं. माझं वजन सत्तर किलो. 158 किलोंची गाडी अशी उठते, दोनशे किलोंची उठली नाही. पायात घोट्याच्या वर जाणारे बूट हवेत. आमच्यातले बरेच जण कारखान्यातल्या सेफ्टी शूजवरच जातात. त्यांची पोलादी टोपी बोटं वाचवते, घोटा वाचवत नाही.

जायचं कुठे, असं विचाराल तर मी टाकळघाटाचं नाव घेईन. टाकळघाट आणि शेजारचं खापा इथे 1968-69 मध्ये शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली नागपूर विद्यापीठानं उत्खनन केलं. टाकळघाटला वस्ती, खापाला दगडांची वर्तुळं रचलेली दफनं. काळ सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा. नागपूरजवळच्याच माहूरझरीच्या शिळावर्तुळांत घोड्यांचे अवशेष, लगामाच्या लोखंडी कड्या आणि घोड्याच्या चेहऱ्यावर बसवायची तांब्याची आभूषणं सापडली. या मातीवरून स्वार होऊन जाणारे आपण पहिले नव्हेत, हे तिथे उभं राहिल्यावर फार जवळचं वाटतं. गाडी लांब लावावी, वर्तुळापर्यंत पायी जावं. बोरच्या व्याघ्र प्रकल्पाकडची किंवा उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याकडची जंगलवाट मात्र कितीही खुणावली, तरी तिथे गाडी घालायची नाही. ते वाघाचं घर आहे, आणि आपल्याला गाववाटा भरपूर आहेत.

या पावसाळ्यानंतर मी त्याच जुन्या पांदणीच्या तोंडाशी गेलो. पाऊस थांबून तीन दिवस झाले होते आणि वरची माती सुकल्यासारखी दिसत होती. काका कपाशीत होते. त्यांनी वाकून मूठभर माती घेतली, लाडू वळला आणि कमरेच्या उंचीवरून खाली टाकला. लाडू फुटला नाही, चपटा होऊन बसला. "वापसा नाही आला अजून," ते म्हणाले. "दोन रोज थांबा. मंग या, चहा पिऊ." वापसा म्हणजे ना ओली, ना कोरडी, वखराला आणि पायाला माती चिकटत नाही ती वेळ. चाकालाही ती चिकटत नाही. मी गाडी वळवली, टायरमध्ये हवा भरली आणि हायवेला लागलो. शनिवारी पुन्हा जाणार आहे.