तळ्यातील सूक्ष्म जीव व नत्राची फेड

अमडापूर परिसरात शेततळ्यात कटला, रोहू सोडणाऱ्या कास्तकाराने तळ्याचे पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडासमोर धरावे. पिसवांप्रमाणे उड्या मारणारे पांढुरके ठिपके त्यात दिसतात. हे प्राणिप्लवक होत. ज्या सूक्ष्म वनस्पतींमुळे पाणी हिरवे दिसते, त्या पाण्यातील नत्र शोषून वाढतात व हे जीव त्यांवर चरतात. खाल्लेल्या नत्राचा बराच भाग ते अमोनियाच्या रूपाने पाण्यात परत सोडतात आणि त्यावर वनस्पती पुन्हा वाढतात. गोठ्यातील शेण शेतात परतावे तसाच हा व्यवहार. मात्र येथे बैलगाडी लागत नाही.

अरबी समुद्रातही हेच चालते. पावसाळी वाऱ्यांमुळे खोल पाण्यातील नत्र वर येतो. तो सरल्यावर वरच्या थरातील वनस्पतींचा निर्वाह पुष्कळ अंशी या जीवांनी परत केलेल्या नत्रावर होतो. त्यांपैकी कित्येक जीव रात्री वर येऊन चरतात व दिवसा खोल जातात, त्यामुळे काही नत्र खालीच राहतो.

तळ्यात ही फेड चालू असल्याने शेणखत बेताने टाकावे. पाण्यात हात घालताना कोपर बुडण्यापूर्वीच तळवा दिसेनासा झाल्यास खत थांबवावे. अधिक खताने अमोनिया साचतो, पहाटे प्राणवायू कमी पडतो व मासे मरतात.

कापूस-सोयाबीनवर कीटकनाशक फवारल्यावर पंप तळ्यात कदापि धुऊ नये. यांतील पुष्कळ जीव झिंग्याच्या जातकुळीतील असल्याने किडींसाठीची कित्येक विषे त्यांना माशांआधी मारतात. आणि कटल्याचे मुख्य खाद्य तेच होय.