नोकरी सोडण्याचा मनोदय आणि कामगाराचे हक्क

उज्जैन येथील कारखान्यातील कामगाराने पुढील महिन्यात नोकरी सोडण्याचा मनोदय सांगताच मालकाने त्यास तत्काळ कामावरून कमी केले, तर तो राजीनामा नव्हे. ती मालकाने केलेली सेवासमाप्ती होय. पुढील तारखेचा राजीनामा त्या तारखेपूर्वी सामान्यतः मागे घेता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये गोपालचंद्र मिश्र खटल्यात स्पष्ट केले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार, शिस्तभंगाचे कारण नसताना एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगारास कमी करावयाचे असल्यास, एक महिन्याची लेखी नोटीस अथवा तेवढे वेतन आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन देणे बंधनकारक आहे. देय वेतन कामकाजाच्या दोन दिवसांत मिळावयास हवे. अशा वेळी मालकाने पुढे केलेल्या तयार राजीनाम्यावर कामगाराने सही करू नये. समेट अधिकाऱ्याकडे विनाविलंब अर्ज करावा.