भाकसाचा फिरता डोळा

लेकरांनो, आज अशा माशाची गोष्ट सांगतो, ज्याचा एक डोळा लहानपणीच आपली जागा सोडून चालू लागतो. त्याचं नाव भाकस.

जन्मला की तो चारचौघा माशांसारखाच. सरळ उभा पोहतो, दोन गालांवर दोन डोळे. मग अंगात थायरॉइडचा रस वाढतो. बेडकाच्या पिल्लाची शेपटी गाळतो ना, तोच हा रस. कवटीची हाडं वळतात, एका गालावरचा डोळा वर सरकतो, आणि पिल्लू समुद्राच्या तळाशी भाकरीसारखं आडवं पडतं. वरचं अंग तपकिरी, खालचं फिकं. डोळा जागेवरच राहिला असता, तर बिचाऱ्याला जन्मभर चिखलच दिसला असता!

लेपटी या दुसऱ्या चपट्या माशाचा डोळा पार पलीकडच्या गालावर जातो. भाकसाचा मात्र डोक्याच्या कडेवरच थांबतो. कुणाचा डावा सरकतो, कुणाचा उजवा.

यावरून मोठा वाद झाला होता. सजीव पिढ्यानपिढ्या हळूहळू बदलत जातात, असं डार्विन सांगायचा. १८७१ साली मायवर्ट नावाच्या शास्त्रज्ञानं त्याला विचारलं, अर्धवट सरकलेल्या डोळ्याचा माशाला उपयोग काय? डार्विननं पुढच्याच वर्षी उत्तर दिलं, पण दाखवायला तसा मासा नव्हता. तो २००८ मध्ये दिसला. मॅट फ्रीडमन या शास्त्रज्ञानं इटलीतल्या मोन्ते बोल्काच्या दगडांतले, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे मासे तपासले. त्यांचा एक डोळा वर सरकला होता, पण पलीकडे पोचला नव्हता. एकाच्या पोटात गिळलेला मासाही होता. म्हणजे तेवढ्या डोळ्यावर त्याचं पोट भरत होतं!

लाल समुद्र आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून जपान, ऑस्ट्रेलियापर्यंत भाकसाचा वावर. मधे आपलं कोकण, बंगालचा उपसागर. आपल्या परभणीला समुद्र नाही म्हणता? आपली दुधना नदी पूर्णेला मिळते, पूर्णा आपल्याच जिल्ह्यात गंगेला, म्हणजे गोदावरीला. पुरात आपली काळी माती नांदेड, तेलंगण, आंध्र करत समुद्रात उतरते. तिथल्या तळाच्या गाळात दख्खनच्या काळ्या दगडाची चिकणमाती शास्त्रज्ञांना सापडली आहे. भाकस लपतो तो असल्याच चिखल-वाळूत.

आता मात्र पोचमपाडसारखी धरणं पुष्कळ गाळ वाटेतच अडवतात. शेताला पाणी हवंच, पण गोदावरीच्या मुखाशी नवी माती कमी पोचते आणि तिथला किनारा झिजतो, याचा मला घोर लागतो.