पोकरची परिभाषा

द्यूताचा निषेध आमच्या शास्त्रकारांनीं कितीहि केला असला, तरी द्यूताचे शब्द भाषेंतून हद्दपार करणें कोणासहि साधलेलें नाहीं. कृत, त्रेता, द्वापर आणि कलि हीं युगांचीं नांवें पूर्वीं फाशांच्या दानांचीं नांवें होतीं; चारांचें दान तें कृत आणि एकाचें, म्हणजे हरणारें, तें कलि. सोंगट्यांच्या पटावरचें पोबारा हें दान हिंदींत भाग्योदय दाखवितें, तर मराठींत तोच शब्द पळून जाणाऱ्यास लावतात. 'हुकमाचा एक्का' हा प्रयोग तर ज्या घरांत पत्त्यांचा जोड कधीं आला नाहीं, तेथेंहि चालतो. जुगाराचे शब्द असे न बोलावतां घरांत येतात. म्हणूनच अमेरिकेच्या पोकर या खेळाचे जे शब्द सध्यां तरुणांच्या तोंडीं ऐकूं येतात, त्यांची ओळख वडीलधाऱ्यांनींहि करून घ्यावी, असें आम्हांस वाटतें.

पोकरचें जन्मस्थान मिसिसिपी नदीचें खोरें. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत न्यू ऑर्लिन्स हें बंदर आणि तेथून वर जाणाऱ्या आगबोटी येथें हा खेळ वाढला. जोसेफ कॉवेल या इंग्रज नटानें १८२९ सालीं आगबोटीवर पाहिलेल्या पोकरचें वर्णन आपल्या आठवणींत केलें आहे. त्या वेळीं वीसच पानें घेऊन खेळत. पुढें ५२ पानांचा पुरा जोड आला.

खेळाची रीति थोडक्यांत अशी. सध्यां सर्वाधिक प्रचारांत असलेल्या 'टेक्सास होल्डेम' या प्रकारांत प्रत्येक गड्यास दोन पानें पालथीं मिळतात. पानें पाहण्यापूर्वींच दोघांस ठराविक रक्कम मधें टाकावी लागते. तिचें नांव 'ब्लाइंड', आणि मधल्या ढिगाचें नांव 'पॉट'. मग मधोमध तीन पानें एकदम उघडतात, तो 'फ्लॉप'. चौथें पान तें 'टर्न' आणि पांचवें तें 'रिव्हर'. प्रत्येक टप्प्यास बोली होते. समोरच्याइतकेच पैसे लावणें म्हणजे 'कॉल', वाढविणें म्हणजे 'रेझ', पानें टाकून देणें म्हणजे 'फोल्ड' आणि पुढ्यांतलें सगळें लावणें म्हणजे 'ऑल इन'. दिवाळींत तीन पत्ती खेळणाऱ्यांस यांतले 'ब्लाइंड' व 'शो' परके वाटणार नाहींत. तीन पत्ती ही इंग्रजांच्या 'ब्रॅग' या खेळापासून निघाली, आणि ब्रॅग व पोकर एकाच कुळांतले.

पानांस दिलेलीं टोपणनांवें मोठीं गमतीचीं आहेत. दोन एक्के म्हणजे 'पॉकेट रॉकेट्स', कारण एक्क्याचें इंग्रजी अक्षर अग्निबाणासारखें उभें. दोन गुलाम म्हणजे 'फिशहुक्स', कारण त्यांचें अक्षर गळासारखें वळलेलें. दोन अठ्ठ्या म्हणजे 'स्नोमेन', बर्फाचे बाहुले. दश्शी आणि दुर्री हीं पानें तशीं हलकीं. परंतु डॉयल ब्रन्सन या खेळाडूनें १९७६ व १९७७ अशीं लागोपाठ दोन वर्षें लास व्हेगास येथील जागतिक स्पर्धेंतला अखेरचा डाव याच पानांवर जिंकला, आणि पानांस त्याचेंच नांव पडलें. काळे एक्के व काळ्या अठ्ठ्या यांस 'डेड मॅन्स हँड', म्हणजे मृताचा हात, म्हणतात. २ ऑगस्ट १८७६ रोजीं डेडवुड या गांवीं वाइल्ड बिल हिकॉक यास पोकर खेळत असतांना मागून गोळी घातली. त्या वेळीं त्याच्या हातांत हींच पानें होतीं, अशी आख्यायिका आहे.

कित्येक शब्द तर खेळाचें मेज सोडून जगभर गेले. पानें वाटण्याची पाळी कोणाची हें कळावें म्हणून पूर्वीं एक खूण पुढ्यांत ठेवीत. तिला 'बक' म्हणत, आणि वाटणें नको असलेला गडी ती शेजाऱ्याकडे सरकवी. त्यावरून जबाबदारी दुसऱ्यावर ढकलण्यास 'बक पास करणें' हा प्रयोग निघाला. अध्यक्ष हॅरी ट्रूमन हे स्वतः पोकरचे शोकी. 'बक येथेंच थांबतो' अशा अर्थाची पाटी त्यांच्या मेजावर असे. पैशांऐवजीं वापरावयाच्या चकत्यांत निळी सर्वांत मोलाची, म्हणून भक्कम कंपन्यांच्या शेअरांस 'ब्लू चिप' म्हणूं लागले. 'ब्लफ', म्हणजे हातांत कांहीं नसतां असल्याचा आव आणणें, याचा विचार तर जॉन फॉन नॉयमन व ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनीं १९४४ सालच्या आपल्या अर्थशास्त्रविषयक ग्रंथांत गणितानें केला आहे. तेव्हां या खेळांत बुद्धीचें काम नाहीं, असें आम्ही म्हणणार नाहीं.

परंतु याच परिभाषेची दुसरी बाजू अशी कीं, ती खेळणाऱ्यापासून कांहीं गोष्टी झांकून ठेवते. नवख्या, हमखास हरणाऱ्या गड्यास 'फिश' म्हणतात, त्यास गिळणाऱ्यास 'शार्क', आणि अमाप पैसा उधळणाऱ्यास 'व्हेल'. मासा म्हटला कीं त्याचें घरदार डोळ्यांपुढून जातें. रुपयांच्या जागीं चकती आली कीं महिन्याचा पगार रंगीत तुकडा होतो. उत्तम पानें असूनहि हरणें यास 'बॅड बीट' म्हणतात. वास्तविक दोन एक्क्यांपुढें दोन राजे आले, तरी पांचांत सुमारें एक वेळ राजे जिंकतात. म्हणजे हा निव्वळ हिशेब. पण खेळणारा त्यास अन्याय समजतो आणि भरपाईसाठीं पुन्हां बसतो. अशा चिडलेल्या अवस्थेस 'टिल्ट' म्हणतात. हलविलेलें पिनबॉलचें यंत्र बंद पडतांना जो शब्द दाखवी, तोच हा.

२००३ सालीं ख्रिस मनीमेकर हा हिशेबनीस इंटरनेटवरील लहानशा स्पर्धेंतून प्रवेश मिळवून जागतिक विजेता झाला व त्यास २५ लक्ष डॉलर मिळाले. तेव्हांपासून हा खेळ घरोघरच्या यंत्रांत शिरला, आणि पुढें खिशांतल्या फोनांतहि. आमच्या संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी केली. कायदा पैशाची वाट अडवूं शकतो. मनाची वाट घरानेंच सांभाळावी लागते.

आमच्या वाचकांच्या घरीं सुटींत बदामसात, झब्बू आणि मेंढीकोट रंगतात. आजी नातवावर मात करते आणि सारें घर हंसतें. त्यास हरकत घेण्याजोगें कांहीं नाहीं. परंतु मुलगा वरच्या खोलींतून उतरून 'आज बॅड बीट झाला' असें म्हणाला, तर वडिलांनीं रागावण्यापूर्वीं त्याचें मराठी करून विचारावें: किती गेले, आणि कोणाचे? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतल्या अक्षसूक्तांत जुगाऱ्याची बायको त्यास दुरावलेली आहे, आई तळमळते आहे, आणि अखेर त्यास शेती करण्याचा उपदेश आहे. तेथें फाशांचें वर्णन मोहक आहे, पण हानीस दुसरें गोड नांव दिलेलें नाहीं. पोकरचे शब्द शिकण्यास आमची ना नाहीं. ते शिकतांना त्यांचा खरा अर्थहि सांगितला जावा, इतकेंच आमचें मागणें.