जुन्या 'जनता' घड्याळाची दुरुस्ती

उर्से, तळेगाव, वडगाव या पट्ट्यातील कित्येक घरांच्या कपाटांत एखादे चावीचे एच.एम.टी. घड्याळ बंद अवस्थेत जपून ठेवलेले असेल. वडिलांनी पगारातून घेतलेले, किंवा आजोबांना निवृत्तीच्या वेळी मिळालेले. दुकानात नेले की बहुधा एकच उत्तर मिळते, 'पार्ट मिळत नाहीत.' हे उत्तर अर्धेच खरे आहे. सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने बंगळूरच्या एच.एम.टी. कारखान्यात १९६१ साली घड्याळे तयार होऊ लागली आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. परंतु मधल्या काळात बनलेली असंख्य मशिने अजून शिल्लक आहेत. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी वा बुधवारी चिकाटीने फिरणाऱ्याला त्यांतील एखादे गवसू शकते. त्याचे भाग काढून आपले घड्याळ चालते करता येते.

दुसरे मशीन निवडताना तबकडीवरील नावावर जाऊ नये. 'जनता' आणि 'पायलट' ही दिसायला निराळी घड्याळे. आत मात्र पुष्कळदा १७ ज्वेलचे ०२३१ हेच मशीन असते. जुळवायचा तो मशीनचा क्रमांक.

सर्वाधिक बिघाड बॅलन्सचा. हे चाक तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. त्याच्या आसाचे टोक मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाएवढे बारीक असते. घड्याळ पडले की ते वाकते वा तुटते, आणि मावळातल्या पावसाळ्यात ओल आत शिरली तर गंजते. अशा वेळी केवळ आस बदलणे हे नाजूक आणि कौशल्याचे काम. चाक आणि त्यावरील हेअरस्प्रिंग, म्हणजे केसासारखी बारीक कमान, कारखान्यातच एकमेकांशी जुळवलेली असतात. एकाचे चाक व दुसऱ्याची कमान अशी सांगड घातली, तर घड्याळ चालेल, पण वेळ दाखवील असे नाही. म्हणून दुसऱ्या मशीनमधून हा संच अखंड घ्यावा. मुख्य कमान मात्र जुनी घेऊ नये. वर्षानुवर्षे गुंडाळून ती थकलेली असते; सकाळी चावी दिलेले घड्याळ रात्रीच थांबते.

खोलण्यापूर्वी मुख्य कमानीचा ताण हळूहळू सोडावा लागतो. तो न सोडता पॅलेट काढला, तर चाके भरकन फिरून नाजूक टोके मोडू शकतात. तेलही सुईच्या टोकाइतकेच. हेअरस्प्रिंगला तेल लागले, तर तिचे वेढे चिकटतात आणि घड्याळ पुढे धावू लागते.

एक घड्याळ जगवताना दुसरे कायमचे संपते, हे विसरता येत नाही. चालू घड्याळ यासाठी फोडणे मला तरी पटत नाही. ज्याची तबकडी सडली, केस फुटली, असेच निवडावे. दुसरा प्रश्न प्रामाणिकपणाचा. चार घड्याळांचे भाग एकत्र करून, तबकडी नव्याने रंगवून 'जुने अस्सल' म्हणून विकल्या जाणाऱ्या घड्याळांना परदेशी संग्राहकांनी 'मुंबई स्पेशल' असे नाव दिले आहे. तेथेही भाग दुसऱ्याचेच असतात. फरक इतकाच, की ते घेणाऱ्याला सांगितलेले नसते. दुरुस्तीनंतर कोणता भाग बदलला हे कारागिराकडून लिहून घ्यावे आणि काढलेला भाग पुडीत परत मागावा. मागचे झाकण उघडलेच आहे, तर आतली बाजूही पाहावी. पूर्वीचे कारागीर तेथे सुईने तारीख आणि आपली खूण कोरून ठेवीत.